खडखडणारा सायलेन्सर आणि ‘चालतंय की’



सख्यांनो, गेले काही लेख डाळी, लोणची आणि उन्हाळी कामांवर झाले. आज सायलेन्सरवर लिहिते आहे. शीर्षक वाचूनच काही जणींनी ‘हा आपला विषय नव्हे’ म्हणत हात आखडला असेल, आणि खरं तर मला त्यांच्याशीच भांडायचं आहे. ज्या गाडीवर आपण मागे बसतो, जिच्यावर पोरं क्लासला जातात, जी रात्री आपल्याच सोप्यात उभी असते, तिच्यातून महिनोन्‌महिने खडखड येते आणि आपण कानावर घेत नाही. मिक्सरच्या भांड्यातून असा आवाज आला असता तर दुसरी मूठ डाळ आत टाकली असती का आपण? बटण बंद करून आधी झाकण उघडून बघितलं असतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. बुलेटला किंवा कुठल्याही मोटारसायकलला बाहेरचा सायलेन्सर लावायचा आणि तो खडखडत ठेवायचा, याला शौक म्हणणं मला मान्य नाही. तो निष्काळजीपणा आहे. ती खडखड बहुतेक वेळा एका सकाळच्या कामात, हातातल्या पान्याने जाते. आणि जी जात नाही, त्या गाडीला कंपनीचा सायलेन्सर परत बसला पाहिजे. मधला तिसरा मार्ग, म्हणजे ‘आवाज एवढा मोठा करायचा की खडखड ऐकूच येऊ नये’, हा आपल्या गावोगावच्या गॅरेजांतून सर्रास विकला जातो आणि आपण त्याचे पैसे मोजतो. माझा राग त्या तिसऱ्या मार्गावर आहे.

आमच्या पुतण्याची बुलेट, जुनी ३४६ सीसीची. त्याने वर्षभरापूर्वी बाहेरचा सायलेन्सर बसवला. तीन महिन्यांत गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. मी त्याच्याबरोबर गॅरेजात गेले. तिथल्या मिस्त्रींनी गाडीला हातसुद्धा न लावता सांगितलं, “बाहेरच्या सायलेन्सरला एवढं वाजतंयच वहिनी. चालतंय की.” मी म्हटलं, चालतंय ते दिसतंय, वाजतंय का ते सांगा. तेव्हा म्हणाले, “मग जाळी काढून टाकू. मोकळा आवाज झाला की बाकीचं काही ऐकू येत नाही.” पुतण्या खूश. मी गाडी तशीच घरी आणायला लावली.

विचार करा, कुकरची रिंग सैल झाली, कडेने वाफ फुसफुसते आहे, आणि कुणी सांगितलं की वहिनी, रेडिओ मोठा करा, फुसफुस ऐकू येणार नाही. त्याला आपण पुन्हा दारात उभं केलं असतं का?

आता हा आवाज येतो कुठून ते बघू. बुलेटचं इंजिन एका सिलिंडरचं. असं चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतं. मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला २५ धक्के. तासाभराच्या प्रवासात ९०,००० धक्के त्या नळीला, त्या नटांना बसतात. वर आपले रस्ते, गतिरोधक, आणि ऊस वाहून उखडलेल्या कडा. शिवाय नळी शेकडो अंशांनी तापते आणि गाडी थांबली की निवते. तापताना लोखंड फुगतं, निवताना आकसतं. कंपनीचा सायलेन्सर हे सगळं धरून त्याच एका गाडीसाठी बनलेला असतो. बाहेरचा बहुधा पाच-सात गाड्यांना ‘जमवून’ बसेल असा बनवतात. भोक लांबट ठेवतात, तोंड जरा मोठं ठेवतात, पत्रा पातळ वापरतात, आणि फ्रेमला जिथे तो टांगतो तिथला रबरी बुश कित्येकदा देतच नाहीत. लोखंडावर लोखंड घासत राहिलं तर खडखड होणारच. पंजाब, इंदोरी, डॉल्फिन, शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार अशी नावं किती का असेनात, बसवण्याचा ढिसाळपणा सगळीकडे सारखाच.

पुढच्या रविवारी सकाळी गाडी पूर्ण थंड असताना आम्ही दोघं बसलो. थंड असताना, हे दोनदा सांगते. गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिन बंद. आधी पाना हातात घेतलाच नाही. सायलेन्सरचं शेपूट धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवलं. त्यात चांगलाच झोल होता. मग मुठीने हळूहळू ठोकत पुढून मागे गेलो. आपण नारळ किंवा कलिंगड वाजवून घेतोच की, तसंच हे. वरच्या पत्र्यावर, म्हणजे पाय भाजू नये म्हणून जो पत्रा बसवलेला असतो त्याच्यावर, टिचकी मारली की झिणझिण असा बारीक आवाज आला, तर त्याचे स्क्रू सैल. पोटातून खुळखुळ्यासारखा आवाज आला तर आतलं काही सुटलंय. नुसतं हलवल्यावर ठक्क असा एकच आवाज आला तर टांगणीचा बोल्ट किंवा बुश. पुतण्याच्या गाडीत तीनपैकी दोन निघाले. टांगणीला बुश नव्हताच आणि पत्र्याचा एक स्क्रू पडून गेला होता.

खरी गोष्ट मात्र पुढच्या टोकाला सापडली, आणि ती खडखडीपेक्षा गंभीर होती. इंजिनच्या डोक्यातून नळी, म्हणजे बेंड पाइप, जिथे बाहेर पडते तिथे दोन स्टडवर दोन नट आणि मध्ये गॅस्केट असतं. कुकरची रिंग म्हणा. तिथे काजळी दिसली. काळा धुरकट डाग जोडाच्या भोवती दिसला की समजायचं, वायू तिथून निसटतोय. थंड गाडी सुरू केल्यावर इंजिनजवळ टिक-टिक-टिक असा आवाज येतो आणि गाडी तापली की कमी होतो, कारण धातू फुगून फट जराशी मिटते. त्यामुळे गॅरेजात पोचेपर्यंत आवाज गेलेला असतो आणि मिस्त्री म्हणतात, “कुठं काय वाजतंय?”

आणि ते फटाके! ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट्‌ फट्‌ येतं, त्याचा पोरांना केवढा अभिमान. त्यातले बरेचसे फटाके या फटीतून येतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर नळीतल्या वायूच्या लाटेबरोबर फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, न जळलेलं पेट्रोल तिथेच पेटतं आणि फट्‌ होतं. मी पुतण्याला म्हटलं, तू ज्याला पॉवर म्हणतोस ती फाटकी रिंग आहे. तो म्हणाला, “काकू, तुम्ही पण ना!” पण वाकून काजळी बघितलीन्‌ त्याने.

काही पोरं तर चालत्या गाडीचं बटण बंद करून परत चालू करतात आणि मुद्दाम बार काढतात. बंद असताना न पेटलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये साचतं आणि बटण दाबताच तिथे स्फोट होतो. त्या स्फोटाने आतली जोडणी तुटते, आतलं भरण फाटतं, नवीन गाडीत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. मग खडखड सुरू होते आणि तेच पोरगं म्हणतं, सायलेन्सर डुप्लिकेट निघाला.

आता घट्ट करायची रीत. इथे घाई करून लोक घोटाळा करतात. जो नट सैल दिसला तोच जोर लावून पिळतात. नळी वाकडी ओढली जाते, ताणाखाली राहते, आणि महिन्याभरात वेल्डिंगला चीर जाते किंवा स्टड तुटतो. अॅल्युमिनियमच्या डोक्यात तुटलेला स्टड काढणं म्हणजे खरा खर्च. रीत अशी की आधी पुढचे नट, मधला क्लॅम्प, मागची टांगणी, सगळं सैल करायचं. नळी आपसूक जिथे बसते तिथे हाताने बसू द्यायची. पुढे गॅस्केट नवीन घालायचं, जुनं चेपलेलं परत वापरायचं नाही. मग पुढचे दोन नट आलटून-पालटून, थोडा हा थोडा तो, सारखे आवळायचे. त्यानंतर मधला क्लॅम्प. सगळ्यात शेवटी टांगणी, बुश आणि रुंद वॉशर घालून. टांगणीचं भोक आणि फ्रेमचं भोक समोरासमोर येत नसेल तर नळी ओढून बोल्ट घुसवायचा नाही, मधे वॉशर किंवा पट्टी घालून अंतर भरायचं. बेंड पाइपवर सायलेन्सरचं तोंड सैल बसत असेल तर क्लॅम्प कितीही पिळला तरी उपयोग नाही. त्या मापाचं ग्रॅफाइटचं गॅस्केट किंवा धातूची बारीक पट्टी आत लागते. आवळण्यात तुमच्या अंगातली ताकद दाखवू नका. गाडीच्या पुस्तकात किती घट्ट ते लिहिलेलं असतं.

नट कुठला, तेही विचारा. ज्याच्या आत नायलॉनची कडी असते तो नट एरवी उत्तम, पण इंजिनजवळच्या तापात ते नायलॉन वितळतं आणि नट पुन्हा सुटतो. तिथे पूर्ण धातूचा लॉक नट हवा. आटे परत उघडता यावेत म्हणून तांब्याचं ग्रीस बोटभर. आणि कृपा करून नळाला लावतो ते एम-सील, सुतळी, प्लास्टिकची पट्टी किंवा शीतपेयाच्या डब्याचा पत्रा गुंडाळू नका. एम-सील त्या उष्णतेला टिकत नाही. दोन दिवसांत जळून भुगा होतो. पाय वाचवणाऱ्या पत्र्याचा स्क्रूच मिळत नसेल किंवा आटे गेले असतील तर स्टेनलेस स्टीलची मोठी जुबली क्लिप पत्र्यावरून सायलेन्सरभोवती आवळली की तो गप्प बसतो. ती दिसायला बरी दिसत नाही, असं पुतण्याचं मत. पोटरी भाजलेलीही बरी दिसत नाही.

शंभरेक किलोमीटर गाडी चालली, चार-पाच वेळा तापून निवली, की पुन्हा थंड असताना सगळे नट एकदा तपासायचे. नवीन गॅस्केट चेपून बसतं आणि नट थोडे सैल होतात. हे कुणीच करत नाही आणि मग म्हणतात, दुरुस्ती टिकली नाही.

पोटातून खुळखुळ येत असेल तर दोन शक्यता. बऱ्याच बाहेरच्या सायलेन्सरच्या मागच्या तोंडात भोकांची एक नळी असते, तिला डीबी किलर म्हणतात. आवाज कमी करायचं काम तिचं. ती एका बोल्टवर किंवा कडीवर उभी असते, आणि तो बोल्ट सैल झाला की ती वाजते. नवीन बोल्ट घाला, त्याला तारेने बांधून टाका, काम झालं. गॅरेजवाले काढतो म्हणतात ती ‘जाळी’ हीच. म्हणजे एका बोल्टचं काम टाळण्यासाठी आवाज दाबणारा भागच काढून फेकायचा! दुसरी शक्यता, आतलं ग्लासवूल जळून गेलं. ते नवीन भरता येतं, पण हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून, कारण त्याची बारीक कुसं अंगात खाज उठवतात आणि श्वासात जाऊ नयेत. आणि आतली पट्टी वेल्डिंगमधून तुटली असेल तर तो सायलेन्सर संपला. कापून, जोडून, परत वेल्डिंग करून त्याच्यावर पैसे ओतू नका.

एक छोटी गोष्ट राहिली. कधी सायलेन्सर बिचारा निर्दोष असतो. मेन स्टँडची स्प्रिंग सैल होऊन स्टँड नळीला टेकतो, किंवा फूटरेस्ट, लेगगार्ड वाजतो. तपासताना बाहेरचा सायलेन्सर ‘आडवा येतो’ म्हणून कुणी साडीगार्ड किंवा मागचा फूटरेस्ट काढून ठेवलाय का, तेही बघा. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्या चाकाला आडोसा, धरायला कडी आणि पाय ठेवायला जागा, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. ते आपल्यासाठीच आहे बायांनो, आणि तेच आधी माळ्यावर जातं.

आता समोरून येणारे मुद्दे. पहिला, “बुलेट आहे, आवाज नको तर स्कूटी घ्या.” अहो, कंपनीच्या सायलेन्सरचाही बुलेटला स्वतःचा डगडग आवाज आहे आणि तो माझ्या सासऱ्यांच्या पिढीला पुरला. दुसरा, “मोकळा सायलेन्सर केला की पिकअप वाढतो.” कान वाढीव ऐकतात आणि मन समजतं गाडी जोरात आहे. नुसती जाळी काढून, इंजिनात बाकी काही न बदलता, उलट खालच्या वेगात ओढ कमी झाल्याची तक्रार येते. आणि बीएस-६ गाड्यांत नळीला ऑक्सिजनचा सेन्सर असतो. हवा बाहेरून घुसली की तो चुकीचं वाचतो, इंजिनचा दिवा लागतो आणि पेट्रोलचा हिशेब बिघडतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो: “पोलिसांनी पकडलं तर दंड भरू.” १७५ सीसीवरच्या मोटारसायकलींना बनवतानाच ८० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. डेसिबलचा हिशेब साधा नसतो. १० ने वाढला की आवाजाची ताकद दहापट होते. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, त्यात दिवसा ५० आणि रात्री ४०, हे २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचा आणि धुराचा नियम मोडल्यास पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि परवाना ३ महिने बाद होऊ शकतो. गाडीत मनाने बदल केला म्हणून मालकावर वेगळी कारवाई होते. मालक कोण? आरसी काढून बघा. कित्येक घरांत गाडी आईच्या किंवा बायकोच्या नावावर आहे. मुंबई, नागपूरसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोलर फिरवला, त्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. त्या ढिगात कुणाकुणाच्या आईचे पैसे होते.

दंड भरून शेजारच्या आजींची झोप परत येत नाही. आमच्या गल्लीत एक बाळंतीण आहे, एक बारावीचा मुलगा आहे, आणि पलीकडे बायपास झालेले काका. रात्री साडेदहाला बार निघाला की तिन्ही घरांतले दिवे लागतात. तो बार काढणाऱ्या पोराला याची खबरही नसते, कारण तो तोवर पुढच्या चौकात असतो.

आणि घरातल्यांचं काय? सोपा बंद असताना आत गाडी तापवत ठेवायची सवय अनेकांना आहे. पुढचं गॅस्केट गळत असेल तर मागच्या तोंडाला हात लावून ‘धूर बाहेर जातोय’ म्हणण्यात अर्थ नाही. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासाने कळत नाही, आणि तो जीव घेतो. गाडी बाहेर ढकलून मग सुरू करा, सायलेन्सर कुठलाही असो. दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्या आपल्या मुली-सुनांची उजवी पोटरी सायलेन्सरजवळ असते. पत्रा निखळला असेल तर उतरताना चटका ठरलेला, आणि सिंथेटिक ओढणी लागली तर ती चिकटतेच. चटका बसलाच तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. तिथे पाणी वाचवू नका. टूथपेस्ट, हळद, शाई काही नको.

आपल्या समाजापुरतं एक बोलायचं आहे. पहाटे विहाराला निघालेले मुनी महाराज आणि माताजी हमरस्त्याच्या कडेने अनवाणी चालतात, त्यांच्यासोबत आपल्याच घरातले लोक असतात. मागून बार काढत जाणारी गाडी आणि तिच्यातून निखळलेला तापलेला क्लॅम्प किंवा नट रस्त्यावर, हे चित्र मनात आणून बघा. पाणी गाळताना आपण जो यत्न ठेवतो, पिठाचा डबा उन्हात ठेवण्यापूर्वी जो एकदा निरखून बघतो, तो गाडीच्या नटापाशी कुठे जातो? यत्नाचार स्वयंपाकघरापुरताच शिकवला गेला आहे की काय, असा प्रश्न मला पडतो. आणि तो स्वयंपाकघरापुरता शिकवण्यात आपलाही हात आहे.

महावीर जयंतीला आपल्याकडे दुचाकी फेऱ्या निघतात. मला त्यांत काही वावगं वाटत नाही. पोरं एकत्र येतात, पांढऱ्या कुडत्यात शोभून दिसतात. पण अहिंसेचा फलक पुढे आणि मागे दवाखान्यासमोर फटाके फोडणाऱ्या वीस बुलेट, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी मागणी मांडणार आहे की फेरीच्या आदल्या रविवारी मंदिराच्या आवारात गाड्या थंड अवस्थेत तपासाव्यात: जाळी जागेवर, नट घट्ट, पत्रा बसलेला, नाहीतर फेरीत गाडी नाही. “पोरं रुसतील,” असं एक काकू आताच म्हणाल्या. रुसू देत. आपण त्यांना उपवासाला साबुदाणा नाही म्हटल्यावरही रुसतात.

पैशांचंही बोलू. दहावी झाली म्हणून गाडी, बारावी झाली म्हणून सायलेन्सर, हे हट्ट आपण पुरवतो. पोराच्या हौसेला माझा विरोध नाही. पण हौसेबरोबर पाना येतो हे त्याला सांगायला आईचं तोंड का उघडत नाही? बाहेरचा सायलेन्सर हवा तर महिन्यातून एक सकाळ त्याची, जमिनीवर बसून. तेवढंही जमत नसेल तर कंपनीचा लावायचा. गॅरेजात जाताना स्वतः जा, किंवा निदान एवढे प्रश्न लिहून द्या: गॅस्केट नवीन घातलं का, बुश आहे का, जाळी जागेवर आहे का, काढलेला जुना भाग कुठे आहे. शेवटच्या प्रश्नाला मिस्त्री जरा चमकतात.

कारण कंपनीचा सायलेन्सर. बाहेरचा बसवताना जो काढला, तो कुठे आहे? बहुतेक घरांत उत्तर येतं, “गॅरेजातच राहिला.” नवीन गाड्यांच्या बेंड पाइपमध्ये किंवा सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे मौल्यवान धातू असतात आणि भंगारात त्याला चांगला भाव मिळतो. आपण तो फुकट सोडून येतो, आणि परत बसवायची वेळ आली की नवीन घ्यायला पैसे नसतात. तेव्हा आज दुपारी भांडी झाल्यावर जरा माळ्यावर, जिन्याखाली, गोठ्याच्या खोलीत बघून या. सापडला तर पुसून, तोंडाला कापड बांधून, कोरड्या जागी ठेवा. आमच्या पुतण्याचा भाताच्या पोत्यांमागे सापडला, एका बाजूला गंज चढलेला, पण बाकी धड.